सगळ्या खात्यांची उद्दिष्टं पुरी, तरी माल उशिरा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत ६५ माणसांचं मशीन शॉप आहे, ट्रॅक्टर आणि पंपाचे पार्ट होतात. मागच्या एप्रिलमध्ये तुम्ही पहिल्यांदाच प्रत्येक खात्याला लेखी उद्दिष्ट दिलं. प्रॉडक्शनने महिन्याचे नग १५ टक्क्यांनी वाढवायचे, खरेदीने टूलिंगचा (मशीनवरच्या कापायच्या हत्यारांचा) खर्च ८ टक्क्यांनी कमी करायचा, क्वालिटीने ग्राहकाकडून परत येणारा माल निम्म्यावर आणायचा, स्टोअरने साठा घटवायचा. मार्चअखेर चौघांनीही आपापला आकडा गाठल्याचं दाखवलं. पण मोठ्या ग्राहकाने उशिराबद्दल कडक पत्र पाठवलं, ओव्हरटाइम वाढला, आणि इन्सेंटिव्हवरून सुपरवायझर एकमेकांशी धड बोलेनात. आता तुम्ही विचारताय, की हा प्रकार बंद करून पूर्वीसारखं रोज सांगून काम करून घ्यावं, की आकडे आणखी कडक करावेत?

दोन्ही करू नका. आकडे कडक केलेत तर हीच भांडणं वाढतील. बंद केलंत तर पुन्हा सगळं तुमच्या एकट्याच्या डोक्यावर येईल आणि ६५ माणसांचा कारखाना एका डोक्यावर फार दिवस चालत नाही.

मी कास्टिंग (ओतकाम) आणि मशीनिंगच्या कारखान्यांत शॉप फ्लोअरवरून वर आलो, बरीच वर्षं प्रॉडक्शन सांभाळलं आणि आता मिरज, पलूस, सातारा, शिरवळ या पट्ट्यातल्या छोट्या-मध्यम कारखान्यांसोबत हेच काम करतो. त्यामुळे खालचं सगळं अशाच कारखान्यांतून आलेलं आहे. तुमच्याकडे ते जसंच्या तसं लागू होईल की नाही, हे दोन-तीन गोष्टींवर अवलंबून आहे. ग्राहक तुम्हाला महिन्याचं शेड्यूल देतो आणि पाळतो, की दर आठवड्याला बदलतो? कास्टिंग तुमच्या स्वतःच्या फाउंड्रीतून येतं की बाहेरून? आणि तुम्ही रोज फ्लोअरवर असता का? शेड्यूल दर आठवड्याला बदलत असेल तर वर्षाचं उद्दिष्ट लिहून उपयोग नाही, तिमाहीचं लिहा. मालक दिवसभर फ्लोअरवर असेल आणि माणसं वीसच असतील तर या कागदांची गरजच नसते. तुम्ही त्या टप्प्याच्या पुढे गेला आहात.

आता मूळ दुखणं. तुमच्या चारही माणसांनी खोटं काहीच केलेलं नाही. प्रत्येकाने तुम्ही दिलेला आकडा गाठला, आणि तो गाठताना शेजारच्या खात्याचं काम अवघड केलं. खरेदीचंच बघा. टूलिंगचा खर्च ८ टक्क्यांनी कमी करायचा सर्वांत सोपा रस्ता म्हणजे स्वस्त इन्सर्ट, म्हणजे टूलच्या टोकाला बसवायचं, बदलता येणारं धारेचं पातं. समजा आधीचा इन्सर्ट ३१० रुपयांचा होता, चार कडांचा, आणि एका कडेवर ११० जॉब निघायचे. म्हणजे एका जॉबमागे इन्सर्टचा खर्च ७० पैसे. नवा इन्सर्ट २२० रुपयांना मिळाला, त्यालाही चार कडा, पण एका कडेवर ६० जॉब. जॉबमागे खर्च ९२ पैसे. शिवाय प्रत्येक वेळी कड बदलायला तीन मिनिटं मशीन थांबतं. मशीनचा ताशी दर ६०० रुपये धरला तर ती तीन मिनिटं म्हणजे ३० रुपये. जुन्या इन्सर्टला ते जॉबमागे २७ पैसे पडत होते, नव्याला ५० पैसे. एकूण ९७ पैशांचं काम १ रुपया ४२ पैशांवर गेलं, आणि खरेदीच्या कागदावर मात्र 'दर इन्सर्टमागे ९० रुपये बचत' असं दिसतं. हे आकडे मी उदाहरणापुरते धरलेत. तुम्ही तुमच्या टूल क्रिबमधले (टूलच्या कोठीतले) खरे आकडे घालून बघा. दर कमी आणि खप जास्त, हा प्रकार मी इतक्या ठिकाणी पाहिलाय की नव्या कारखान्यात गेलो की आधी टूलच्या खपाचं रजिस्टर मागतो.

प्रॉडक्शनचंही तसंच. नग वाढवायचे असले की सोपे, लांब रनचे जॉब आधी चालवले जातात आणि अवघड सेटिंगचे मागे पडतात. आकडा फुगतो, पण ग्राहकाला नेमके ते मागे पडलेलेच पार्ट हवे असतात. क्वालिटीने परत येणारा माल निम्म्यावर आणायचा म्हटल्यावर शंका येईल तो प्रत्येक नग अडवून ठेवला, म्हणून डिस्पॅच लांबला. स्टोअरने साठा कमी केला आणि ऐन वेळी ड्रिल नाही म्हणून मशीन उभं राहिलं. हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही, पण ओव्हरटाइम का वाढला याचं उत्तर बहुधा इथेच सापडेल. टेंभू-म्हैसाळच्या कालव्यावर तोंडाशी असलेल्याने आपलं रान भिजलं की झालं असं धरलं, तर टेलच्या, म्हणजे शेवटच्या टोकाच्या माणसापर्यंत पाणी पोचत नाही. तुमचा ग्राहक टेलला उभा आहे.

उद्दिष्टांनी काम करून घ्यायची कल्पना व्यवस्थापनतज्ज्ञ पीटर ड्रकर यांनी १९५४ मध्ये मांडली. तिच्यात उद्दिष्टांसोबत स्वनियंत्रणही होतं. माणसाला आपलं काम कसं चाललंय हे स्वतःला कळलं पाहिजे, म्हणजे तो स्वतः सुधारू शकतो, असं त्यांचं म्हणणं. आपल्याकडे उद्दिष्टं आली आणि स्वनियंत्रण राहून गेलं. आकडा ऑफिसात ठरतो, ऑफिसात मोजला जातो, आणि महिन्याच्या शेवटी फ्लोअरवरच्या माणसाला ऐकवला जातो. एका ऑपरेटरने मला सांगितलं होतं, "साहेब, आकडा बोर्डावर लिवायला काय लागतंय? त्यो कसा गाठायचा ते इचारा की कुणाला तरी." त्याची तक्रार कामाबद्दल नव्हती, त्याला कुणी विचारलंच नव्हतं याबद्दल होती.

ड्रकर यांनी आणखी एक साधी गोष्ट सुचवली होती, ती मी जवळजवळ प्रत्येक ठिकाणी वापरतो. प्रत्येक जबाबदार माणसाने वर्षातून दोनदा आपल्या वरिष्ठाला पत्र लिहायचं. त्यात आधी माझ्या वरिष्ठाचं काम काय आहे असं मला वाटतं ते लिहायचं, मग माझं स्वतःचं काम काय ते. माझं काम चांगलं झालं हे कशावरून ओळखावं. ते करण्यासाठी मला काय काय करावं लागेल आणि अडचणी कोणत्या. तुम्ही आणि कंपनी जे करता त्यातलं मला काय उपयोगी पडतं आणि काय आड येतं. आणि शेवटी, पुढच्या काळात मी काय करणार. वरिष्ठाने ते मान्य केलं की तेच त्याचं कामाचं पत्र झालं.

आपल्याकडे सुपरवायझरला लिहा म्हटलं की तो गप्प होतो, किंवा इंग्रजीत कुठून तरी उतरवून आणतो. म्हणून मी मराठीत, हाताने, दोन पानांच्या आत लिहायला सांगतो. ज्याला लिहिणं जड जातं त्याच्यासोबत बसून तो बोलेल ते मी लिहून घेतो आणि त्याला वाचून दाखवतो. सर्वांत जास्त वेळ मी 'काय आड येतं' या भागाला देतो, कारण कारखान्याच्या अर्ध्या अडचणी तिथे बाहेर पडतात. एका ठिकाणी सेटरने सांगितलं: कास्टिंगची गाडी सकाळी अकराला येते. आठपासून तो कालचा उरलेला माल चालवतो, तो दहाच्या आत संपतो, म्हणून दुसऱ्या जॉबचं सेटिंग लावतो, आणि अकराला गाडी आली की पुन्हा पहिलं सेटिंग लावावं लागतं. रोज दोन सेटिंगचा वेळ वाया. ऑफिसात बसलेल्या कुणालाच हे माहीत नव्हतं, आणि त्या सेटरला 'मशीन वापर वाढवा' असं उद्दिष्ट दिलेलं होतं. गाडी आदल्या संध्याकाळी यायला लागली तेव्हा त्याला वेगळं काही सांगावं लागलं नाही.

यावर मालक एक शंका हमखास काढतात: सगळ्यांना विचारत बसलो तर सगळे सोपाच आकडा सांगतील. शंका रास्त आहे. एडविन लॉक आणि गॅरी लॅथम या दोघांनी उद्दिष्टांवर आयुष्यभर संशोधन केलं. त्यांचा निष्कर्ष स्पष्ट आहे: नेमकं आणि अवघड उद्दिष्ट, माणसाने ते मनापासून स्वीकारलं असेल तर, 'जमेल तेवढं चांगलं करा' यापेक्षा जास्त काम देतं. लॅथम यांनी १९७५ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात ओक्लाहोमातले लाकडाचे ओंडके वाहणारे ट्रक होते. ट्रक कायदेशीर क्षमतेच्या सुमारे ६० टक्केच भरून जायचे. ड्रायव्हरांना ९४ टक्क्यांचं नेमकं उद्दिष्ट दिल्यावर भराई ९० टक्क्यांच्या आसपास गेली. जादा पैसे नव्हते, शाबासकी होती. म्हणून उद्दिष्टच नको असं मी म्हणणार नाही.

आकडा वरून आला की खालून, यावरही वाद झाला होता. लॅथम आणि मिरियम एरेझ यांचे निकाल उलटसुलट आले, तेव्हा दोघांनी लॉक यांना सोबत घेऊन एकत्र प्रयोग केले आणि १९८८ मध्ये ते छापले. वरून दिलेल्या आकड्यामागचं कारण नीट समजावून सांगितलं तर तो एकत्र ठरवलेल्या आकड्याइतकाच काम करतो, असं दिसलं. नुसता हुकूम दिला तर नाही. म्हणून माझी पद्धत अशी: कुठे पोचायचं ते मालकाने कारणासह सांगावं, आणि कसं पोचायचं ते काम करणाऱ्याने सांगावं. 'ग्राहक आपल्याकडून ९५ टक्के वेळेवर माल मागतोय, आपण ८० वर आहोत, असंच राहिलं तर पुढच्या वर्षी हा पार्ट तो दुसऱ्याला देईल' हे तुम्ही स्वतः फ्लोअरवर उभं राहून सांगा. ९५ वर घासाघीस करू नका. तिथे पोचायला काय लागेल, ते मात्र त्यांच्याकडून ऐका आणि लिहून घ्या. ते जे मागतील त्यातलं काय देणार, काय नाही, हे त्याच बैठकीत सांगा. उत्तर आलं नाही की पत्राचा विषय त्यांच्या दृष्टीने तिथेच संपतो.

आता आकडा कोणाच्या नावावर ठेवायचा. रिजेक्शनचं उदाहरण घेतो, कारण इथे सर्वांत जास्त अन्याय होतो. ब्लो होल (हवेची पोकळी), सँड इन्क्लूजन (अडकलेली वाळू), कोअर शिफ्ट (सरकलेला गाभा) हे फाउंड्रीचे दोष. मशीनवर कट घेतल्यावर ते उघडे पडतात आणि एकूण रिजेक्शन ऑपरेटरच्या शिफ्टवर चढतं. साइझ गेला, फिनिश गेलं, हे त्याचं. दोन्ही एकाच टक्क्यात मोजून त्याला '२ टक्क्यांच्या खाली आण' म्हणणं चूक आहे. गुणवत्तातज्ज्ञ डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांचा उद्दिष्टांवर हाच राग होता. पद्धत न बदलता नुसता आकडा दिला तर माणूस एक तर खचतो किंवा आकडा सजवतो, आणि म्हणून त्यांनी आपल्या चौदा मुद्द्यांत कोट्याने आणि उद्दिष्टांनी कारभार चालवणं काढून टाका असंच सांगितलं. मी त्यांच्याइतका टोकाला जात नाही, पण त्यांचं निम्मं म्हणणं रोज पटतं. आधी मागच्या बारा महिन्यांचं रिजेक्शन कास्टिंग आणि मशीनिंग असं वेगळं काढा. मशीनिंगचं दर महिन्याला ३ ते ५ टक्क्यांच्या मध्ये हेलकावत असेल, तर ३ आलं म्हणून शाबासकी आणि ५ आलं म्हणून फैलावर घेणं, दोन्ही निरर्थक. ते ३ ते ५ तुमच्या फिक्स्चरमधून (जॉब पकडायचं साधन), गेजमधून (मापायचं साधन), इन्सर्टमधून येतंय. ते बदललं की आकडा बदलेल, आणि बदलण्याची सही बहुतेक वेळा तुमचीच लागते.

म्हणून चार खात्यांची चार उद्दिष्टं ठेवू नका. वर एकच ठेवा, चौघांच्या नावाने: ठरलेल्या तारखेला, ठरलेले नग, पहिल्या झटक्यात बरोबर. ट्रकमध्ये निम्मे नग गेले तर ती डिलिव्हरी धरायची नाही. त्याखाली प्रत्येक खात्याने आपण त्याला काय देणार ते लिहायचं, आणि ते शेजारच्या खात्यासमोर वाचायचं. खरेदीचं मोजमाप इन्सर्टच्या दरावरून काढून जॉबमागच्या टूल खर्चावर आणा, आणि तो आकडा खरेदी आणि प्रॉडक्शन या दोघांच्या नावावर ठेवा. मग स्वस्त इन्सर्ट आणायचा की नाही हे दोघं मिळून ट्रायल घेऊन ठरवतात. स्टोअरला साठा घटवायला सांगायचंच असेल, तर टूल नाही म्हणून मशीन किती तास उभं राहिलं, तो आकडाही त्याच्याच कागदावर शेजारी असू द्या.

मोजणी फ्लोअरवर करा. शिफ्ट संपली की ऑपरेटरने स्वतः बोर्डवर लिहायचं: किती ठरले होते, किती झाले, फरक का. 'का' चा रकाना रिकामा चालणार नाही, आणि त्यात 'पाना मिळाला नाही' असं लिहिलं म्हणून कुणाला रागवायचं नाही. आठवड्यातून एकदा अर्धा तास चारही सुपरवायझर त्या बोर्डापुढे उभे राहतील, ऑफिसात खुर्च्या टाकून नाही. तुम्ही पहिले दोन महिने शेवटी बोला. मालक आधी बोलला की बाकीचे मान डोलावतात.

इथला हंगाम विसरू नका. बाहेरच्या सल्लागाराच्या तक्त्यात तो कधीच नसतो. तुमची निम्मी माणसं तासगाव, कवठेमहांकाळ, पलूसकडून येत असतील तर घरी द्राक्षबाग असणारच. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, त्यात ऊसतोड आणि गावची जत्रा. या काळात हजेरी घसरते हे दरवर्षीचं आहे, आणि तरी बारा महिन्यांना सारखा आकडा वाटला जातो. मागच्या तीन वर्षांची हजेरी महिनावार काढा आणि महिन्याचं उद्दिष्ट त्यानुसार कमी-जास्त करा. सुपरवायझरला विचारा, तो कोणाची बाग कधी छाटायची हे तोंडपाठ सांगेल. काही ठिकाणी कामगारांनीच आपसांत रजेच्या पाळ्या लावून दिल्या, कारण आकडा त्यांना आपला वाटत होता. आणि ऑगस्ट २०१९ सारखा महापूर आला तर मधेच उद्दिष्ट बदलायची तरतूद आधीच लिहून ठेवा. पुरानंतरही जुना आकडा बोर्डवर राहिला तर त्या बोर्डकडे पुन्हा कुणी बघत नाही.

पैशाबद्दल. तुमच्याकडचं भांडण मुख्यतः इथलं आहे. दिवाळीचा बोनस या सगळ्यात आणू नका. पात्र कामगाराला किमान ८.३३ टक्के बोनस कायद्याने मिळतो, तो त्याचा हक्क आहे, त्याला उद्दिष्टाची अट लावता येत नाही. इन्सेंटिव्ह वेगळा. तो द्यायचाच असेल तर पहिलं वर्ष वेळेवर डिलिव्हरीच्या एका आकड्यावर, चारही खात्यांना सारख्याच टक्क्याने द्या. क्वालिटीने माल अडवला तर प्रॉडक्शनचं नुकसान आणि सोडला तर क्वालिटीचं, ही रचना मोडायचा याहून सोपा उपाय मला माहीत नाही. चांगलं काम करणाऱ्यावर अन्याय होतो अशी तक्रार येईल. ती खरी आहे. त्याचा हिशेब पगारवाढीत करा.

पगारवाढीचं बोलणं आणि उद्दिष्टाचं बोलणं मात्र एका बैठकीत करू नका. जनरल इलेक्ट्रिकमध्ये झालेला एक अभ्यास १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. वार्षिक मूल्यमापनात टीका जितकी जास्त, तितका माणूस बचावात जातो आणि सुधारणा कमी होते, असं त्यात दिसलं. पगाराचं बोलणं वेगळं आणि कामाचं वेगळं करा, असं त्या संशोधकांनी सांगितलं. आपल्याकडेही तेच आहे. समोर वाढीचा आकडा लटकत असेल तर कुठलाही सुपरवायझर 'मला हे जमत नाही, मदत करा' असं म्हणणार नाही. दोन्हींमध्ये निदान दोन महिन्यांचं अंतर ठेवा.

ठेकेदाराच्या माणसांचं तुम्ही विचारलेलं नाही, पण ६५ मध्ये काही असतीलच. त्यांना बोर्डापासून लांब ठेवू नका. फेटलिंग (कास्टिंगची घासून साफसफाई) आणि पॅकिंगला तीच माणसं असतात, आणि तारीख चुकते ती बऱ्याचदा तिथेच. पत्र लिहायला लावायची गरज नाही, 'काय आड येतं' एवढं त्यांच्या मुकादमासमोर न विचारता वेगळं विचारा.

सुरुवात कशी करायची ते सांगतो. नव्या वर्षाचे आकडे अजून जाहीर करू नका. आधी चौघांशी वेगवेगळं बसून सांगा, की मागच्या वर्षी त्यांनी दिलेलं काम पुरं केलं, आकडेच एकमेकांच्या विरोधात होते, आणि ते तुम्ही ठरवले होते. हे मालकाच्या तोंडून ऐकल्याशिवाय त्यांचा अबोला सुटणार नाही. मग पंधरा दिवसांत चौघांची पत्रं घ्या. स्वतःचंही एक लिहा: तुम्ही त्यांना काय देणार, कोणती खरेदी किती दिवसांत मंजूर करणार, शेड्यूल बदललं तर कोणाला किती वाजेपर्यंत कळवणार. ते चौघांना वाचायला द्या. त्यानंतर एकत्र बसून तो एक आकडा आणि त्याखालचे हिस्से ठरवा. पहिली तिमाही फक्त मोजा, इन्सेंटिव्ह दुसऱ्या तिमाहीपासून. पहिल्या तिमाहीत आकडा खाली गेला तर घाबरू नका. आतापर्यंत दडलेलं खरं रिजेक्शन आणि खरे उशीर बोर्डवर यायला लागले की तसं होतं.

पत्रं आली की खरेदीवाल्याचं आधी वाचा. तुमच्या प्रश्नावरून तरी वाटतंय की सगळ्यांचा राग त्याच्यावर आहे, आणि बिल पास व्हायला, पुरवठादाराचे पैसे सुटायला किती दिवस लागतात हे त्याच्याइतकं कोणालाच माहीत नसेल. त्याने काय लिहिलंय ते, नाव-गाव काढून, इथे टाकलंत तर जॉबमागच्या खर्चाचा तक्ता कसा मांडायचा ते मी पुढे सांगेन.